लालबागेला पाऊण तास पुरत नाही: सहली काढणाऱ्यांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांचे मुख्याध्यापक, सहलीची जबाबदारी अंगावर घेणारे शिक्षक-शिक्षिका आणि यात्रेच्या गाड्या काढणारी मंडळी, या सर्वांना सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली. आता आठ-पंधरा दिवसांत मुलांच्या हातून घरोघरी सहलीच्या चिठ्ठ्या येतील. त्या छापायला जायच्या आधी माझं हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून घाईनं लिहायला बसले आहे.

माझा मुलगा गेल्या वर्षी सहावीत होता. त्याच्या सहलीची चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे. चार दिवसांत श्रवणबेळगोळ, हळेबीड, बेलूर, म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन, विधानसौध, विश्वेश्वरय्या म्युझियम आणि बेंगळूरचं मोठं वनस्पती उद्यान लालबाग. मुलगा परत आला तेव्हा मी एकेक ठिकाण विचारत गेले. लालबागेचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "काचेच्या घरासमोर फोटो काढला, मग शिट्टी झाली."

ती शिट्टी मला ओळखीची आहे. मी नववीत असताना आमची सहलही लालबागेला गेली होती. पावणेपाचला गाडी दाराशी लागली, जोड्या करून आत नेलं, काचेचं घर दाखवलं आणि साडेपाचला सर शिट्टी वाजवत पुढं निघाले. एका झाडाखाली मी थांबले होते. त्याच्या मुळ्या भिंतीसारख्या उभ्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला आम्ही दोघी मैत्रिणी अख्ख्या मावत होतो. ओरडा बसला आणि पळालो. ते झाड कुठलं, हे मला पुढं कितीतरी वर्षं कळलं नाही. शाळेचं नाव मी घेणार नाही, माझ्याही नाही आणि मुलाच्याही नाही. दोष कुठल्या एका शाळेचा नाहीच. चिठ्ठीत जितकी जास्त ठिकाणं तितकी सहल चांगली, असं आम्ही पालकच समजतो. शेजारच्या शाळेनं नऊ दाखवली तर आमच्यांनी अकरा दाखवावीत अशी आमची अपेक्षा असते, आणि ती पुरी करताना तुमची दमछाक होते. रात्रभर जागून मुलं मोजणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तुमच्या कष्टांवर बोट ठेवायला हे पत्र नाही.

या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसं बेंगळूरला गेलो आणि एक अख्खा दिवस एकट्या लालबागेला दिला. त्या दिवसाबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

आत्यांना घेऊन जायचं ठरलं तेव्हाच बाकीची ठिकाणं गळाली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. तालुक्याच्या पश्चिमेकडं आमचं गाव. लाल मातीचं शिवार, पावसाळ्यात रताळ्याचे वेल, उन्हाळ्यात थोडी मिरची. नवरात्राची रताळी बाजारात गेली आणि आत्या मोकळ्या झाल्या. गुडघे दुखतात, त्यामुळं एका जागी बसत बसत बघता येईल असंच ठिकाण हवं होतं. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालो आणि सकाळी बेंगळूरला उतरलो. स्टेशनाला लागूनच मॅजेस्टिकची मेट्रो आहे. चिक्कपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज आणि चौथं स्टेशन लालबाग. बाहेर पडलं की बागेचं पश्चिमेचं दार जवळच आहे. हे इतकं सविस्तर अशासाठी सांगते आहे की पाचशे किलोमीटर बस हाकून, शहराच्या गर्दीत तासन्‌तास अडकून तिथं पोचण्याखेरीज दुसरी वाटही आहे. पंधरा-वीस मुलांच्या गटाला ती सहज जमेल.

सकाळी सहाला बाग उघडते. सकाळच्या बागेत फिरायला येणारे म्हातारे, पळणारी पोरं, झाडलोट करणाऱ्या बायका. पाला लोटण्याचा आवाज लांबून येत होता. तुमची गाडी चारनंतर पोचते, तेव्हा हे काहीच नसतं. तेव्हा असतात ते फोटो काढणारे आणि दमून आलेली मुलं.

आत्या आत शिरल्या आणि पहिल्याच मोठ्या झाडापाशी उभ्या राहिल्या. बॅटरीवर चालणारी गाडी असते तिथं, म्हाताऱ्या माणसांना फिरवून आणते. मी म्हटलं, बसूया त्यात. त्या म्हणाल्या, "गाडीतनं झाड काय दिसतंय? बुंधा दिसतोय निस्ता." मग आम्ही त्यांच्या चालीनं चाललो. दहा पावलं चालायचं, थांबायचं, मान वर करायची. फणस, चिंच, जांभूळ, वड ही तर घरचीच. पण बाग २४० एकरांची आहे आणि जगाच्या पाठीवरून झाडं आणून तिथं रुजवलेली आहेत. पुढं पुढं आत्यांना न ओळखता येणारी झाडं भेटू लागली. ओळखू न येणारं झाड आलं की त्या पान उचलून चुरगळायच्या, वास घ्यायच्या आणि "हे आपल्यातलं न्हवं" असं म्हणून पुढं व्हायच्या. माझ्या मुलानं वहीत दोन रकाने पाडले, 'आपल्यातलं' आणि 'पाहुणं'.

आणि मग ते झाड आलं, मुळ्यांच्या भिंतीचं. मी लांबूनच ओळखलं आणि काही बोलले नाही. जवळच एक माळीबुवा पाइप ओढत होते. आत्यांनी बाजारातल्या कानडीत विचारलं, "इदु याव गिडा रीऽ?" आमच्या भागातल्या कानडीत झाडाला 'गिडा'च म्हणतात, तिकडं 'मर' म्हणतात. माळीबुवांनी त्यांच्याकडं नीट बघितलं, पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "बूरुग, अम्मा. बूरुगद मर." आत्या माझ्याकडं वळल्या. "सावर गं! पांढरी सावर हाय ही." उशांत भरायचा कापूस जिच्या बोंडांतून निघतो ती सावर. आमच्या बांधावर एक होती, सासऱ्यांनी शेड बांधायच्या वेळी तोडली. आत्या सांगत होत्या आणि एक हात त्या मुळीवर ठेवून उभ्या होत्या. माळीबुवाही मग थांबले. आमच्याकडं बोंडं कधी फुटतात, त्यांच्याकडं कधी, असं दोघांचं बराच वेळ चाललं होतं, अर्धं कानडी, अर्धं हातवारे. नववीतल्या मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते मला पंचविसाहून जास्त वर्षांनी कळलं, आणि ते सांगायला आत्या आणि तो माळी, दोघंही लागले.

मुख्याध्यापक महाशय, आपली मराठी माध्यमाची मुलं शाळेत कानडी शिकतात. परीक्षेपुरती शिकतात आणि विसरतात अशी तुमचीच तक्रार असते. तिथल्या झाडांवरच्या पाट्यांवर कानडी नाव असतं. मुलाला पाटी वाचायला लावा, त्या झाडाचं मराठी नाव घरी आजीला विचारून ये म्हणावं. एवढ्यानं 'हलसू' म्हणजे फणस आणि 'हुणसे' म्हणजे चिंच हे ते जन्मभर विसरणार नाही. माझा मुलगा विसरलेला नाही.

आता काचेच्या घराबद्दल. ते बघायला सगळे जातात, पण बघतात काय? लंडनला १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला होता, त्याच्या धर्तीवर हे बांधलं. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी इंग्लंडचा राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते पायाभरणी झाली. ही माहिती कुठल्याही गाइडकडं मिळते. माझे यजमान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आहेत. ते आत आले आणि फुलांकडं न बघता सरळ खांबापाशी गेले. खांबावर बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले आणि मुलाचं बोट तिथं नेऊन टेकवलं. रंगाच्या थरांखाली एक बारीक उभी रेघ लागत होती. "साच्याचे दोन भाग इथं जुळलेत," ते म्हणाले. "हे बीड आहे, ओतलेलं लोखंड." हे ओतकाम स्कॉटलंडात, ग्लासगोच्या सॅरासेन फाउंड्रीत झालं होतं आणि तिथून समुद्रावरून आणून इथं जोडलं. वाळूत साचा कसा दाबतात, रस कुठून सोडतात, हवा बाहेर पडायला भोकं कुठं ठेवतात, हे सगळं यजमानांनी मुलाला तिथं उभं राहून सांगितलं. बाप रोज काय काम करतो हे त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं असं मला वाटतं. आपल्या गावात फाउंड्रीत काम करणाऱ्यांची किती मुलं तुमच्या वर्गात असतील! त्या खांबासमोर त्यांना उभं करून फोटो काढण्याऐवजी पाच मिनिटं ती रेघ शोधायला लावा.

ज्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ गेला तिथं तुमच्या सहली बहुतेक चढतच नाहीत. बागेत एक मोठा उघडा खडक आहे, वर केंपेगौडाचा बुरूज. जुन्या बेंगळूरच्या चार दिशांना असे चार बुरूज आहेत, त्यांतला हा एक. लोक बुरुजापाशी जातात, शहर बघतात आणि उतरतात. खरी गोष्ट पायाखाली आहे. तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेलं आहे. दक्षिण भारताच्या पोटातला हा मूळ खडक. 'पेनिन्सुलर नाइस' हे त्याचं नाव म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्यातल्या स्मीथ या अधिकाऱ्यानं १९१६ मध्ये दिलं. खाली वाकून बघितलं की त्यात फिकट आणि गडद पट्टे दिसतात, पीठ मळताना दोन रंगांची कणीक एकत्र यावी तसे वळलेले. प्रचंड उष्णतेनं आणि दाबानं ते पट्टे तयार झाले.

मुलानं विचारलं, आपल्याकडचा दगड केवढा जुना? बेळगाव दख्खनच्या काळ्या दगडाच्या दक्षिण टोकाशी आहे. आपल्या जुन्या घरांच्या पायात जो काळा दगड असतो तो लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुलानं मोबाइलवर भागाकार केला. उत्तर आलं सेहेचाळीस आणि थोडं. मग तो खडकाच्या खालच्या अंगाला गेला, एक पाऊल टाकलं आणि ओरडला, "हे बेळगाव!" आणि तिथून मोजत मोजत सेहेचाळीस पावलं वर चढत आला. वर आल्यावर दम लागला होता, तरी पुन्हा खाली गेला. माझी धाकटी लेक तिसऱ्या फेरीला त्याच्याबरोबर मोजायला लागली. तोवर खडक उन्हानं तापला होता. आत्या त्यावर मांडी घालून बसल्या होत्या, गुडघ्याला शेक बसतो म्हणाल्या.

भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे प्रकार असतात. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. पाठ करून मुलं मार्क मिळवतात. आपल्याच जिल्ह्यात हे तिन्ही डोळ्यांनी दाखवता येतात, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. बेळगावचा काळा दगड पहिल्या जातीचा. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो वालुकाश्माचा, दुसऱ्या जातीचा. खानापूरच्या बाजूला गेलं की जुने रूपांतरित खडक लागतात. सहलीला निघण्याआधी एखाद्या रविवारी गोकाकला जाऊन या आणि मग मुलांना लालबागेच्या खडकावर न्या. ती नुसती उभी राहणार नाहीत.

तिथंच एका बाजूला दगड झालेलं झाड ठेवलेलं आहे. तमिळनाडूतल्या तिरुवक्करैहून आणलेलं, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं. साल दिसते, धारा दिसतात आणि हात लावला तर गार दगड. धाकटीनं ते झाड आहे हे मानलंच नाही. मी समजावत बसले नाही.

बागेचा इतिहासही थोडा सांगते, कारण तुमच्या सहलींत तो 'टिपूची बाग' या दोन शब्दांत आटोपतो. सुरुवात हैदर अलीनं १७६० मध्ये केली, टिपूनं वाढवली आणि लांबलांबच्या मुलखांतून रोपं मागवली. पुढं १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. १८७४ मध्ये लंडनच्या क्यू बागेत तयार झालेला जॉन कॅमेरॉन इथं आला. काचेचं घर त्याच्याच काळातलं, आणि आपल्याकडं बेंगळूर वांगं किंवा सीमे बदनेकाई म्हणतात ती भाजीही त्यानंच इथं आणली. ती मूळची मेक्सिकोकडची. त्याच्यानंतर १९०८ मध्ये क्रुंबिगल नावाचा जर्मन माणूस आला. तो त्याआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांकडं बागा फुलवत होता, तिथून तो म्हैसूरकरांच्या चाकरीत आला. बेंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक कुठलं ना कुठलं झाड फुलत राहावं, अशी लागवड करण्याची कल्पना त्याची. तो १९५६ मध्ये बेंगळूरमध्येच वारला. आणि स्वातंत्र्यानंतर ज्यांनी ही बाग आणि राज्याचं बागायत खातं उभं केलं ते डॉ. मरीगौडा. शेतकऱ्यांचा भाजीपाला थेट विकणारी हॉपकॉम्सची दुकानं हीसुद्धा त्यांचीच कल्पना. बागेत हॉपकॉम्सचा स्टॉल आहे, तिथं आम्ही द्राक्षाचा रस प्यालो.

त्या स्टॉलपाशी मी आत्यांना बेंगळूर वांग्याची गोष्ट सांगितली, की ही भाजी अमेरिकेकडून आली आहे. मग मुलगा म्हणाला, रताळंही तिकडचंच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेलं. मिरची तिकडची, काजू तिकडचा, बटाटा तिकडचा. आत्या ऐकत राहिल्या. ज्या पिकावर त्यांनी आयुष्य काढलं, एकादशीला आणि शिवरात्रीला जे उपासाला चालतं, ते परदेशी आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. जरा वेळानं म्हणाल्या, "मग ते पन पावनंच की रं. वहीत दुसरीकडं लिही." मुलानं रताळं खोडून दुसऱ्या रकान्यात लिहिलं. आत्यांनी ते पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई, दोन्हीकडं लिही." वहीत आजही ते दोन्हीकडं आहे.

दुपारी जेवायला बाहेर पडलो. लालबाग रोडवर १९२४ पासूनचं मावळ्ळी टिफिन रूम आहे, तिथं रांग होती, पण आत्यांना बसायला खुर्ची मिळाली. मग पुन्हा आत. तळ्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले होते, धाकटी त्यांच्यापुढून हलेना. चारच्या सुमारास पाऊस आला, ऑक्टोबरचा बेंगळूरचा पाऊस. आम्ही एका आडोशाला उभे होतो तेव्हा दारातून एक सहल आत आली. गणवेशातली मुलं, कुठल्या शाळेची ते मी विचारलं नाही. सर पुढं, मॅडम मागं, मुलं भिजत पळत काचेच्या घराकडं गेली. पाऊस थांबेपर्यंत तिथं थांबली, एकमेकांचे फोटो काढले आणि शिट्टी झाली. माझा मुलगा ती शिट्टी ऐकून माझ्याकडं बघत राहिला. सेहेचाळीस पावलांचा खडक तिथून लांब नव्हता.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. यंदाच्या चिठ्ठीतून दोन-तीन ठिकाणं काढा. कुठली काढायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण जिथं नुसतं गाडीच्या खिडकीतून दाखवलं जातं ती काढली तर कुणाचं काही जाणार नाही. बागेत सकाळी पोचा आणि दुपारपर्यंत थांबा. मुलांना जोड्यांनी फिरवू नका, पाच-पाचांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक झाड द्या. तासभर त्या झाडापाशी बसा म्हणावं. त्याचं पान कसं आहे, खाली काय पडलंय, वर कोण राहतं, पाटीवर काय लिहिलंय. कंटाळतील, हे मला माहीत आहे. पहिली वीस मिनिटं माझीही मुलं कंटाळली होती. एकविसाव्या मिनिटाला मुलाला त्या सावरीच्या मुळीत मुंग्यांची रांग दिसली, मग त्याला उठवायला मलाच जावं लागलं.

सरावाला लांब जायला नको. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो आपल्या गावातच आहे. एकेकाळी तिथं देवीची लस तयार होत असे. आज आपण तिथं सकाळी फिरतो, पोरं क्रिकेट खेळतात, आणि तिथल्या जुन्या झाडांची नावं आपल्यातल्या फार थोड्यांना सांगता येतात. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना तिथं न्या. ज्या मुलाला डेपोतली दहा झाडं ओळखता आली, ते लालबागेत रिकाम्या डोळ्यांनी फिरणार नाही. आणि त्याला डेपोही मग वेगळा दिसेल. तिथल्या एखाद्या झाडावर कुऱ्हाड आली तर ते मूल घरी येऊन सांगेल. माझा मुलगा आता सांगतो.

यात्रेच्या गाड्या काढणाऱ्यांनाही दोन शब्द. तुमच्या गाडीत साठीच्या पुढची माणसं असतात. धर्मस्थळ करून, म्हैसूर करून ती थकलेली असतात, आणि लालबागेच्या दाराशी "पाऊण तासात परत या" ऐकून त्यांतली निम्मी गाडीतच बसून राहतात. मी अशा गाडीनं माझ्या आईला पाठवलं होतं. तिनं लालबाग बघितली का, तर बघितली, गाडीच्या काचेतून कुंपण. आई शेतकऱ्याची लेक. आत गेली असती तर तिला निदान शंभर झाडं ओळखू आली असती, आणि उरलेली विचारून घेतली असती. आता ती नाही. गाडीत बसून राहणाऱ्या या माणसांना ठिकाणं वाढवून नकोत. त्यांना सावली, बाक, जवळ संडास आणि घड्याळाकडं न बघता बसायला चार तास द्या. एवढं लालबागेत आहे.

शिक्षकांना आणखी एक सुचवायचं आहे आणि यात खर्च काही नाही. सहलीत दोन जागा आजी-आजोबांसाठी ठेवा. वर्गातल्या ज्या मुलाची आजी शेतात काम केलेली आहे, ज्याचे आजोबा गवंडी, सुतार किंवा फाउंड्रीतून रिटायर झालेले आहेत, त्यांना बरोबर घ्या. खडक, खांब आणि झाड यांपुढं त्यांना उभं करा आणि काही विचारू नका, ती आपण होऊन बोलायला लागतात. मुलांना सांभाळायला तुम्हाला दोन माणसं जास्तीची मिळतील ते वेगळंच.

आत्यांना मी विचारलं आहे. त्या पुन्हा यायला तयार आहेत, सावरीला बोंडं फुटतील त्या दिवसांत तर नक्कीच. फक्त शिवरात्रीच्या आधी काढणीची घाई असते, तेवढे दिवस सोडून कधीची तारीख काढाल ती कळवा.

आपली,
एक पालक
वडगाव, बेळगाव